माझं खोटं आयंबिल

लग्न होऊन मी मंचरला नांदायला गेले तेव्हा मला फेफरं येतं हे कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. पहिलं आलं ते मूल झाल्यावर. बाळाला मांडीवर घेऊन मी चुलीपुढे बसले होते. पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती, तोंडात रक्ताची चव होती, कुणीतरी नाकाशी चामड्याची वहाण धरली होती आणि बाळ सासूबाईंच्या कडेवर टाहो फोडत होतं. ते चुलीच्या उलट्या अंगाला पडलं म्हणून वाचलं. आमचं घर जैनांचं; चामडं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. त्या दिवशी ते माझ्या नाकापर्यंत आलं होतं आणि मला आधी लाज वाटली ती त्याचीच. बाळाचं काय झालं असतं ते नंतर डोक्यात आलं.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणालाही त्या वाईट वाटतील. त्या मला एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत. एका सकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोराला तुज्याजवळ ठिऊन आमी झोपायचं कसं? तू बरी हो. बरी झालीस का माज्या हातानं पोरगं तुज्या वटीत घालीन."

त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. बाळाला गाईच्या दुधावर ठेवलं आणि मला बैलगाडीत बसवून जुन्नरला माहेरी पाठवलं. नारायणगाव येईपर्यंत माझी चोळी दुधाने भिजून गेली. गाडीवान म्हातारा होता. तो एकदाही मागे वळला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत रडून घेतलं.

माझे आजोबा मारवाडातून जुन्नरला आले आणि पेठेत धान्याचं दुकान टाकून बसले. माझ्या पिढीपर्यंत आमचं मारवाडी भांडणापुरतं आणि धर्मापुरतं उरलं होतं, बाकी सगळा कारभार मराठीत. माहेरी प्रेम होतं, पण धास्तीही होती. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. थोरलीला फेफरं येतं हे बाहेर कळलं की धाकटीला कोण करून घेणार? म्हणून मला मागच्या खोलीत ठेवलं. घरी पाहुणे आले की त्या खोलीला बाहेरून कडी लागायची. ती आई लावायची, आणि पाहुणे गेले की आईच काढायची, आणि काढताना माझ्याकडे बघायची नाही.

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर नव्याने आले होते. मुंबईला शिकलेले, गावात एकटेच राहायचे. एका दुपारी पेठ पेंगुळल्यावर वडील मला मागल्या बोळातून त्यांच्याकडे घेऊन गेले. वैद्य झाले होते, भगत झाला होता, ताईत झाले होते. त्या सगळ्यांनी माझ्याबद्दल आईला आणि वडिलांना विचारलं होतं. या डॉक्टरांनी मला विचारलं. पडण्याआधी काय वाटतं, कसला वास येतो का, कुठला हात आधी ओढतो, जाग आल्यावर डोकं कुठे दुखतं. माझा आजार माझा असूनही त्याबद्दल मला विचारणारा तो पहिला माणूस. मला जळक्या तिळाचा वास यायचा. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळला, जणू मी त्यांना चांगली बातमी दिली होती.

हा मेंदूचा आजार आहे, असं त्यांनी वडिलांना समजावलं. पापाचा नाही, बाहेरचाही नाही. त्यावर ब्रोमाइड नावाचं औषध होतं, पण ते पुरेसं द्यायचं तर माणूस गुंगीत पडून राहायचा. परदेशातल्या डॉक्टरांनी त्यावर एक तोड काढल्याचं त्यांनी वाचलं होतं: रोग्याचं मीठ बंद करायचं, म्हणजे थोड्या औषधात काम भागतं. मीठ आणि औषध शरीरात एकाच जागेसाठी भांडतात, ते म्हणाले. मीठ काढून घेतलं की औषधाला बसायला जागा होते. आपल्याकडच्या माणसांत हे कितपत लागू पडतं ते त्यांना बघायचं होतं. जुन्नर-आंबेगावातले फेफऱ्याचे पाचसहा रोगी त्यांनी त्यासाठी धरले होते. त्यांत मी एक.

बाकीच्यांनी महिन्याभरात हात टेकले. एक जण मढ गावाकडचा होता, डोंगरातला कोळी, भाताची खाचरं करणारा. दवाखान्याच्या ओसरीवर तो आणि त्याची बायको मला दोनतीनदा भेटले. त्याच्या कपाळावर पडल्याच्या खुणा होत्या, माझ्याही होत्या, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघून ओळखीचं हसायचो. माझ्या आजाराचा दुसरा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याची बायको डॉक्टरांना सांगत होती की नाचणीच्या भाकरीसंगं आमच्याकडं दुसरं असतंयच काय, मीठ न् मिरची, त्यातलं मीठ काढलं तर भाकर घशाखाली उतरत न्हाई.  पावसाळ्यात लावणी करताना तो खाचरात पालथा पडला. पाणी घोट्याएवढं होतं. शेजारच्या बांधावरची माणसं येईपर्यंत सगळं संपलं होतं. ते ऐकलं त्या दिवशी मी फार रडले. घरच्यांना कळेना की कोण कुठला कोळी, त्याच्यासाठी हिला एवढं काय झालं.

मला मात्र मीठ सोडणं अवघड नव्हतं. आमच्या धर्मात आयंबिल असतं: दिवसातून एकदाच बसायचं, उकडलेलं धान्य खायचं, त्यात तूप, दूध, तेल, गूळ, मसाला काही नाही, आमच्या घरी मीठसुद्धा नाही. आईने अशी आयंबिलं डझनांनी केलेली. अळणी कसं रांधायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. डॉक्टरांनी दूध-दही चालेल म्हटलं होतं, तेवढं आईने वर घातलं. औषधाची गंमत अशी की ते स्वतःच खारट होतं. मी ते झटकन गिळत नसे, जिभेवर घोळवत बसे. जेवणात राहिली नव्हती ती चव मला बाटलीत मिळायची.

खोटं सुरू झालं ते आईच्या तोंडून आणि एका क्षणात. शेजारच्या काकी न सांगता आत आल्या, माझं ताट बघितलं आणि विचारलं, हिचं अळणी का? आईने मागेपुढे न बघता सांगितलं, "आयंबिल करतीय ती." काकींनी हात जोडले. त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी आयंबिल. आठवड्याने पाहिलं, तरी आयंबिल. पेठेतल्या आमच्या लोकांत ते वाऱ्यासारखं पसरलं. मागच्या खोलीची कडी निघाली. आता पाहुणे आले की मला बाहेर बोलावायचे.

औषधाने माझ्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या. बायका म्हणाल्या, कर्मं बाहेर पडतायत. औषधाने मला पेंग यायची, बोलता बोलता शब्द हरवायचे. बायका म्हणाल्या, ध्यान लागतं. मला एकीकडे हसू यायचं आणि एकीकडे त्यांचा राग यायचा. ज्या काकी माझ्या दुखण्याच्या नुसत्या संशयाने आमच्या दारावरून तोंड फिरवून जायच्या त्याच आता माझ्या ताटातला उरलेला दाणा प्रसाद म्हणून उचलून न्यायच्या. आणि दुधाचा पेला मला दार लावून प्यावा लागायचा, चोरासारखा.

पण फेफरं थांबलं. आधी लांबलं, मग थांबलं. जळक्या तिळाचा वास कधी आलाच तर नुसता येऊन जायचा. त्या गुंगीत मला सगळ्यात वाईट एका गोष्टीचं वाटायचं: मुलाचा चेहरा आठवेना. त्याची टाळू आठवायची, तिचा वास आठवायचा, मुठी आठवायच्या. चेहरा येतच नसे. मी आईला विचारायची, नाक कुणासारखं होतं? तिने त्याला एकदाच पाहिलेलं. ती काहीतरी सांगायची आणि प्रत्येक वेळी वेगळं सांगायची. घरात पाच माणसं होती आणि माझ्याशी बोलावं असं एकालाही वाटत नव्हतं. सगळे माझ्यापुढे आवाज खाली आणून बोलायचे. तप करणाऱ्या बाईची कुणी थट्टा करत नाही, तिच्याशी कुणी भांडतही नाही. मला भांडणाची भूक लागली होती.

डॉक्टर खूश होते, पण त्यांचं समाधान होत नव्हतं. एके दिवशी ते चाचरत म्हणाले, गुण मीठ सोडल्याने आला की नुसत्या औषधाने, हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी काही दिवस पुन्हा मीठ द्यावं लागेल, दवाखान्यात ठेवून, त्यांच्या देखरेखीखाली. झटका परत आला तर उत्तर मिळेल.

मी म्हणाले, "आला तर माझा मुलगा गेला."

 ते म्हणाले, "नको. राहू द्या." त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. उलट मला आणि वडिलांना बजावलं की चुकूनसुद्धा एकदम मीठ खायचं नाही. मीठ शरीरातलं औषध धुवून नेईल आणि आधीपेक्षा जोराचा झटका येईल. बाकीचे रोगी गेले होते, मी एकटी उरले होते, आणि माझ्याकडूनही त्यांना हवं ते उत्तर मिळणार नव्हतं. त्यांचं मला वाईट वाटलं. पण ते उत्तर माझ्या मुलाच्या जिवावर मिळणार होतं, म्हणून फार वाईट वाटलं नाही.

त्या वर्षी महासतींचा चातुर्मास जुन्नरला होता. आमच्या साध्वींना आम्ही महासती म्हणतो. आश्विनात सगळेच आयंबिलाची नऊ दिवसांची ओळी करतात आणि पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी पारणं करून सोडतात. माझं तप म्हणे तेव्हाच पुरं व्हावं, असं पेठेने परस्पर ठरवलं. मंचरला निरोप गेला, की तपाने मी बरी झाले. सासूबाईंनी उलट निरोप पाठवला की सुनेचं पारणं माझ्या हातानं होईल, आणि तिथूनच तिला आणि पोराला घेऊन जाऊ. तो निरोप ऐकून आई देवापुढे जाऊन बसली. मी सरळ रेषेत चालू शकत नव्हते, एवढी हरखले होते. पारण्यात काय असतं हे दुसऱ्या दिवशी अळणी ताटावर बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मुगाचं गरम पाणी असतं, चांगलं मीठ घातलेलं.

आता खरं सांगावं, असं मी वडिलांना म्हटलं. त्यांनी डोकं धरलं. बहिणीची सोयरीक त्याच आठवड्यात नक्की झाली होती, तीही तपस्वीची बहीण म्हणून. आई म्हणाली, एक घोट घे, वरवर. मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण दिली. एक घोट घेऊन भागणार नव्हतं. पारण्यानंतर मंचरला घरच्या पंगतीला बसावं लागणार होतं, रोज. तप संपलेल्या सुनेने अळणी का खावं, याचं कारण मी काय सांगणार होते?

महासती उतरल्या होत्या त्या स्थानकात सगळी पेठ जमली होती. सासूबाई आल्या, माझे मालक आले, आणि मालकांच्या बोटाला धरून तो. चालत आला. मी त्याला चालताना पाहिलं नव्हतं. नाक माझ्या वडिलांसारखं होतं. आईने एकदाही ते सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून मालकांच्या धोतरामागे लपला. सासूबाईंनी वाटी पुढे केली. वाफेतून मुगाचा आणि मिठाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हेही लिहून ठेवते.

मला एकच वाट सुचली, आणि मला वाटलं मी फार हुशार. मी वाटी घेतली नाही. महासतींकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, मला जन्मभर मिठाचा त्याग द्या. त्यागावर कुणी बोट ठेवू शकत नाही. सासरीही माझं ताट अळणीच राहील आणि कुणी कारण विचारणार नाही. बाटलीचं मी बघून घेईन. महासतींनी दोनदा विचारलं, नीट विचार केलास का? मी हो म्हटलं. त्यांनी पच्चक्खाण दिलं, म्हणजे त्यागाचं व्रत. स्थानकात जयजयकार झाला, बायका रडल्या.

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. मग त्या वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले, तर त्यांनी ते धरून ठेवले. म्हणाल्या, "आमी समजत व्हतो तू आमच्यासारकी हायेस. तुजा आजार तपानं गेला, आता तू ह्या वाटंला लागलीस. तुला चुलीपाशी न्हेऊन बसवलं तर आमाला पाप लागंल."

मी म्हणाले, मला यायचंय. मी म्हणाले, मुलासाठी येते. त्या म्हणाल्या, मोह हाये तो, जाईल. आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. मी त्याच वेळी ओरडून सांगायला हवं होतं की मी औषध पिते, दूध पिते, मला दुसरं काही नको. मी बहिणीकडे पाहिलं. ती नवी साडी नेसून खांबाशी उभी होती. सासूबाईंना खरंच भरून आलं होतं, की फेफऱ्याची सून घरात घ्यायची भीती अशी सुटली म्हणून हायसं वाटलं होतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.  जाताना मालकांनी मुलाला सांगितलं, पाया पड. तो लांबूनच पडला.

पुढल्या वर्षी मालकांनी दुसरं लग्न केलं. डॉक्टरांना मी जन्मभराच्या त्यागाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे तब्येतीला उत्तम झालं. मग माझ्या तोंडाकडे पाहून बाटली भरायला वळले. त्यांची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला दुकानावर येऊन गेले. आपल्या प्रयोगाबद्दल त्यांनी मुंबईला काही लिहून पाठवलं होतं. फार कुणी विचारलं नाही, असं वडिलांना म्हणाले. औषध मात्र कंपाउंडर देत राहिला आणि मी घेत राहिले. मला मागची खोलीच दिली, आता मानाने. वेगळी चूल, वेगळं ताट. आईवडील होते तोवर दारात कुणाची तरी चाहूल असायची. ते गेल्यावर लोक दर्शनाला यायचे तेवढेच. हात जोडायचे आणि उठून जायचे. एवढी माणसं आणि इतकं एकटेपण एकाच खोलीत मावतं, हे मला आधी खरं वाटलं नसतं.

तो दहाअकरा वर्षांचा असताना आला. गाडीतून कुणा नातेवाइकाबरोबर, आणि नातेवाईक पेठेत सामान घ्यायला थांबलेला. मी नाकावरून ओळखलं. त्याने पायांवर डोकं ठेवलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "आमची आई लई आजारी हाये. ताप उतरत न्हाई. तुमी आशीर्वाद द्या, म्हंजी ती बरी व्हईल."

आपण कुणापुढे बसलोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढवेना. विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? मंचरलाही आता दवाखाना होता. तो म्हणाला, "आजी म्हनती, डाक्टर कशाला. तुमी बिगर औषदाच्या बऱ्या झाल्या न्हवं का?"

बहीण सासरी रुळली होती, तिला दोन मुलं होती. आईवडील राहिले नव्हते. आता माझ्या खोट्याने वाचवण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या खोट्याने मरेल अशी एक बाई मंचरला तापाने फणफणत पडली होती. मी त्याला समोर बसवलं. सांगितलं की मी तपाने बरी झाले नाही, मला डॉक्टरने बरं केलं, मी आजही औषध घेते. हे आजीला जसंच्या तसं सांग आणि तुझ्या आईला आजच्या आज दवाखान्यात न्यायला लाव.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, "म्हंजी तुमी तपस्वी न्हाई?"

"नाही."

"मग तुमी कोन?"

बाहेर गाडीवान त्याला हाका मारत होता. ओठांवर आलेलं एकच उत्तर होतं. ते ऐकून तो तिथेच बसला असता, आजीला निरोप मिळायला उशीर झाला असता, आणि त्याचं मन आईपाशी राहिलं नसतं. मी म्हणाले, मला फेफरं येतं, तेवढंच सांग, आजीला कळेल.

आजीला कळलं असावं, कारण त्या बाईला दवाखान्यात नेलं आणि ती वाचली, असं मला मंचरहून आलेल्या माणसाने सांगितलं. त्यानंतर मंचरहून माझ्या दर्शनाला कुणी आलं नाही. हळूहळू पेठेतलेही यायचे थांबले. तोही आला नाही. त्याची आई बरी झाली होती, त्याला माझ्याकडे यायचं आता काही कारण नव्हतं.